लिबरल आर्ट्‌सची पदवी, २४ लाखांचे कर्ज आणि पहिला पगार

सांगलीचे_मास्तर

नमस्कार. माझ्या मुलीने यंदा कला शाखेतून बारावी पूर्ण केली असून तिला अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे दोन्ही विषय बरोबरीने शिकायचे आहेत. दोन ठिकाणी तिला प्रवेश मिळण्यासारखा आहे. एक आहे पुण्यातील जुने अनुदानित महाविद्यालय, जिथली वर्षाची फी आम्ही तिच्या बारावीच्या इंग्रजीच्या शिकवणीला मोजलेल्या पैशांपेक्षाही कमी आहे. दुसरे आहे राज्याबाहेरचे खासगी निवासी विद्यापीठ. तेथे लिबरल आर्ट्‌सची, म्हणजे एकाच शाखेत न अडकता भाषा, समाजशास्त्रे, विज्ञान असे विषय एकत्र शिकवणारी, चार वर्षांची पदवी आहे आणि फी, वसतिगृह, खानावळ धरून वर्षाला १० लाख रुपये लागतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक आहे. वय ५३, म्हणजे २०३१ साली निवृत्त होईन. भविष्यनिर्वाह निधीतून निघू शकणारी रक्कम, २०१५ साली तिच्या नावे उघडलेल्या सुकन्या समृद्धी खात्यातून शिक्षणासाठी काढता येणारी निम्मी शिल्लक आणि एक मुदत ठेव मिळून १६ लाखांच्या आसपास जमतात. उरलेल्या २४ लाखांसाठी कर्ज काढावे लागेल.

गेल्या आठवड्यात बँकेत गेलो होतो. टेबलावरच्या अधिकाऱ्यांनी अर्जावरील अभ्यासक्रमाचे नाव दोनदा वाचले आणि “म्हणजे ड्रॉइंगचा कोर्स का?” असे अगदी निर्मळपणे विचारले. त्यांच्या संगणकावरील यादीत हे नाव सापडेना, तेव्हा त्यांनी “इतर” या पर्यायावर टिचकी मारली आणि आमची मुलगी “इतर” झाली. परतताना बसमध्ये ती हसत होती, मला मात्र हसू येत नव्हते.

तिने काय शिकावे याबद्दल घरात वाद नाही, तो विषय संपलेला आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की, अशा पदवीसाठी किती कर्ज काढणे शहाणपणाचे ठरेल आणि ती रक्कम ठरवायची कशाच्या आधारावर? ज्यांनी असे कर्ज काढले आहे, फेडले आहे किंवा मंजूर केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

---

निवृत्त_शाखाधिकारी

मास्तर, त्या अधिकाऱ्यांवर रागावू नका. माझ्या सगळ्या नोकरीत मी जी शैक्षणिक कर्जे मंजूर केली, त्यांत इंजिनिअरिंग, वैद्यकीय आणि व्यवस्थापन यांच्या बाहेरची कर्जे बोटांवर मोजण्याइतकीच होती. आपण आधी हिशेब मांडू, मते नंतर सांगतो.

व्याजदर साडेदहा टक्के धरतो. मुलींसाठी अनेक बँका अर्धा टक्का सवलत देतात, तरी हिशेबात ती धरू नये. दर वर्षाच्या सुरुवातीला ६ लाख याप्रमाणे आपण चार वर्षे रक्कम उचलाल. अभ्यासक्रमाची चार वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबलेले नसते, ते सरळव्याजाने साचत असते. पहिल्या ६ लाखांवर पाच वर्षांचे ३ लाख १५ हजार, दुसऱ्यांवर चार वर्षांचे २ लाख ५२ हजार, तिसऱ्यांवर १ लाख ८९ हजार आणि चौथ्यांवर १ लाख २६ हजार, असे एकूण ८ लाख ८२ हजार होतात. म्हणजे २०३१ साली हप्ते सुरू होतील तेव्हा डोक्यावर २४ नव्हे, ३२ लाख ८२ हजारांचे कर्ज असेल. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ४४,३०० रुपयांचा हप्ता येतो आणि एकूण ५३ लाखांहून अधिक भरावे लागतात. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता ३६,३०० वर येतो, पण एकूण भरणा ६५ लाखांच्या पुढे जातो.

आता दुसरी रीत. शिक्षण चालू असतानाच आपण दरमहा व्याज भरत गेलात, तर पहिल्या वर्षी महिन्याला ५,२५०, दुसऱ्या वर्षी १०,५००, तिसऱ्या वर्षी १५,७५० आणि त्यापुढे २१,००० रुपये लागतील. मग कर्ज २४ लाखच राहते आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ३२,४०० वर थांबतो. असे व्याज वेळेवर भरणाऱ्यास काही बँका व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. ती अर्जाच्या वेळीच लेखी मागून घ्यावी, कारण नंतर कोणी आठवण करून देत नाही.

आणखी काही गोष्टी पालकांना उशिरा कळतात, म्हणून येथेच सांगतो. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सर्वसाधारणपणे तारण लागत नाही. त्यापुढे गेलात की घराचे कागद मागितले जातात. प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते, पण ती योजना ठरावीक गुणवत्तायादीतील संस्थांपुरतीच आहे आणि तिच्यातील तीन टक्के व्याजसवलत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तरच, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मिळते. आपले विद्यापीठ यादीत आहे का, ते पाहावे. आयकरात फक्त व्याजाची वजावट मिळते, तीही आठ वर्षांपर्यंत आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. आणि शेवटचे: आपण जामीनदार म्हणून नव्हे, सहकर्जदार म्हणून सही करणार आहात. बँकेच्या दृष्टीने दोघेही पूर्ण रकमेचे देणेकरी असतात आणि पहिला हप्ता नेमका आपल्या निवृत्तीच्या वर्षात येतो आहे.

---

आयटीतला_एक

एवढे पैसे घालायचेच असतील तर मुलीला इंजिनिअरिंगला का घालत नाही? राज्य सरकारने २०२४ पासून आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली आहे.

---

सांगलीचे_मास्तर

त्या सवलतीत आमचे उत्पन्न बसत नाही, आणि बसले असते तरी ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, शिवाय खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. तिला गणित आवडते, यंत्रे आवडत नाहीत. कृपया कर्जावरच बोलू या.

---

अर्थशास्त्रवाली

मास्तर, मी आपल्या मुलीच्या जागी होते, म्हणून सविस्तर लिहिते. २०१९ साली अशाच एका निवासी विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली. तिथली तीन वर्षे मला आयुष्यभर पुरतील. वीस जणांचा वर्ग होता, दर आठवड्याला एक निबंध लिहावा लागे आणि तो तांबड्या शाईने भरून परत येई. मी लातूरच्या बाजूची, तोवर माझ्या लिहिण्यात कोणी एवढे डोके घातले नव्हते. त्या शिक्षणाची किंमत नव्हती असे मी कधीही म्हणणार नाही.

पण कर्जाची गोष्ट वेगळी आहे. घराने १४ लाखांचे कर्ज काढले होते, व्याजदर अकरा टक्के होता, आणि हप्ते सुरू झाले तेव्हा देणे १८ लाखांवर गेले होते. महिन्याला २४,८०० रुपयांचा हप्ता. गुरुग्रामच्या एका सल्लागार कंपनीत लागले, तेथे सगळी कापाकापी होऊन हातात ४१,००० पडत. तिघींत मिळून घेतलेल्या घराचे भाडे १२,००० होते. उरलेल्या ४,२०० रुपयांत जेवण आणि मेट्रो बसत नव्हते, म्हणून दर महिन्याला वडील पाच हजार पाठवत. नोकरी लागलेल्या मुलीला बापाने पैसे पाठवायचे, हे आमच्या गावात कोणाला सांगायची सोय नव्हती.

त्याहून जास्त बोचते ती दुसरी गोष्ट. पदवीच्या शेवटच्या वर्षी मला शाळांमध्ये शिकवण्याची दोन वर्षांची फेलोशिप मिळाली होती, जिचे मानधन माझ्या हप्त्याएवढेच होते. ती मी सोडली. वर्गातल्या ज्या मुलांवर कर्ज नव्हते, त्यांनी फेलोशिप घेतली, त्यानंतर परदेशी एमए केले आणि आज ती धोरणसंस्थांमध्ये माझ्यापेक्षा बरेच अधिक कमावत आहेत. मी मात्र जी नोकरी पहिल्यांदा हप्ता भागवील तीच घेतली आणि पाच वर्षे तिच्यातच राहिले. ज्या शिक्षणाने मला दहा वाटा दाखवल्या, त्याच्याच कर्जाने त्यांपैकी नऊ बंद केल्या.

लिबरल आर्ट्‌सची कमाई मुळात कमीच असते, असे लोक म्हणतात. माझ्या पाहण्यात ती कमी नसते, उशिरा येते. बीए झाल्यावर लगेच मिळणारा पगार हा या शिक्षणाचा खरा पगार नव्हेच. तो एमए, फेलोशिप, दोन-तीन नोकऱ्या बदलणे, यानंतर तिशीच्या आसपास दिसू लागतो. हप्ता मात्र तेविसाव्या वर्षी दारात उभा राहतो. किती कर्ज काढावे याचे उत्तर मी या अंतरावरून काढीन.

---

न्यू_जर्सीकर

अर्थशास्त्रवाली यांचे “उशिरा येते” हे निरीक्षण अमेरिकेतील आकड्यांतही दिसते, म्हणून लिहितो. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या शिक्षण आणि रोजगार केंद्राने २०२० साली येथील लिबरल आर्ट्‌स महाविद्यालयांचा परतावा, म्हणजे कमाईतून शिक्षणाचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम, मोजला होता. प्रवेशानंतर दहा वर्षांनी तो सुमारे ६२ हजार डॉलर निघाला, जो सर्व महाविद्यालयांच्या १ लाख ७ हजारांच्या तुलनेत बराच कमी होता. चाळीस वर्षांनी मात्र तोच सुमारे ९ लाख १८ हजार झाला आणि सर्व महाविद्यालयांच्या सुमारे ७ लाख २३ हजारांच्या पुढे गेला. हे वाचून हुरळून जाऊ नये, कारण त्या यादीच्या वरच्या टोकाला खूप निवडक आणि श्रीमंत महाविद्यालये आहेत. तिथले विद्यार्थी मुळातच सुस्थितीतील घरांतून येतात, आणि गरजू विद्यार्थ्याला ही महाविद्यालये कर्जाऐवजी अनुदान देतात. विल्यम्स महाविद्यालयाने २०२२ पासून मदतीच्या पॅकेजमधून कर्ज पूर्णपणे काढून टाकले आहे.

येथे कर्जाला घातलेल्या मर्यादा पाहा. पालकांवर अवलंबून असलेल्या पदवी विद्यार्थ्याला सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढील दोन वर्षी प्रत्येकी ७,५०० डॉलरपर्यंतच मिळते, म्हणजे चार वर्षांत २७,०००. मुलाला त्याहून अधिक बुडू द्यायचे नाही, असा त्यामागचा विचार. पण आई-वडिलांनी घ्यायच्या कर्जाला वर्षानुवर्षे शिक्षणाच्या खर्चाइतकी सूट होती आणि खरी वाताहत तिथेच झाली. माझ्या शेजारचे गृहस्थ सत्तरीत मुलीच्या नाट्यशास्त्राचे हप्ते भरत आहेत. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून पालकांच्या या कर्जाला वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार डॉलरची मर्यादा घातली आहे. शिवाय ज्या पदवी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी पुढे केवळ शालेय शिक्षण झालेल्यांच्या मध्यम कमाईपेक्षाही कमी कमावतात, तो तीनपैकी दोन वर्षे या कसोटीत नापास झाला, तर तिथल्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज मिळणार नाही.

येथे धंदेशिक्षणासाठी एक जुनी मोजपट्टी आहे. वर्षाचे हप्ते वार्षिक कमाईच्या आठ टक्क्यांच्या आत असावेत, किंवा जगण्याचा किमान खर्च वजा जाता उरणाऱ्या कमाईच्या वीस टक्क्यांच्या आत. गंमत म्हणून शाखाधिकाऱ्यांच्या हिशेबाला ती लावून पाहिली. ४४,३०० चा हप्ता म्हणजे वर्षाला ५ लाख ३१ हजार. आठ टक्क्यांच्या कसोटीवर त्यासाठी वर्षाला ६६ लाखांचा पगार लागेल. ही पट्टी भारतासाठी नाही, हे मला मान्य आहे. अगदी ढोबळपणे हातात पडणाऱ्या पगाराचा तिसरा हिस्सा हप्त्यात जावा असे धरले, तरी महिन्याला १ लाख ३३ हजार हातात पडायला हवेत. बावीस वर्षांच्या बीए पदवीधराला असा पगार देणारे किती जण आपल्या ओळखीचे आहेत?

---

फर्ग्युसनचा_जुना

मला हा सगळा खटाटोपच कळत नाही. १८८५ पासून उभे असलेले महाविद्यालय पुण्यात आहे, १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था तेथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, शहरात ग्रंथालये आहेत, व्याख्याने आहेत, टेकडी आहे. मुलीला ज्याची ओढ आहे ते सारे वर्षाला काही हजारांत मिळते. केंद्रीय लोकसेवा आयोगाला कोणतीही पदवी चालते, राज्य आयोगालाही चालते. चाळीस लाखांत तिला वेगळे काय मिळणार आहे, तर वातानुकूलित वर्ग आणि इंग्रजीचा सफाईदार उच्चार. १६ लाख मुदत ठेवीत ठेवावेत आणि बीएनंतर एमएसाठी वापरावेत. अर्थशास्त्रवाली यांनीच सांगितले ना, की खरी कमाई एमएनंतर सुरू होते? मग पैसाही तेथेच लावावा.

---

तुळजापूरचा

फर्ग्युसनचे जुने साहेब, आपला मुद्दा अर्धा खरा आहे. पुण्यातील चार-पाच महाविद्यालये सोडली, तर “काही हजारांतील बीए” नावाची गोष्ट महाराष्ट्रभर कशी चालते, हे आपण पाहिलेले दिसत नाही. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात राज्यशास्त्राला पूर्णवेळ प्राध्यापकच नव्हता. तासिका तत्त्वावर येणारे सर तीन महाविद्यालये सांभाळत आणि त्यांची बस चुकली की तास नाही. त्यांना दोष देत नाही, त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळत आणि तेही सहा-सहा महिन्यांनी. मी तेथे एक वर्ष काढले आणि मग टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या तुळजापूर केंद्रात समाजकार्याच्या पदवीला आलो. गावात राहून, गावकऱ्यांशी बोलून अहवाल लिहायला शिकलो तो तेथेच. चांगल्या शिक्षणाने काय फरक पडतो हे मला ठाऊक आहे, त्यामुळे “सगळे सारखेच” हे मला पटत नाही.

पण चांगले म्हणजे महागच, असेही नाही. सार्वजनिक संस्थांत, दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत प्रवेशपरीक्षेवर जागा मिळते. खासगीतही अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी कुटुंबाच्या उत्पन्नानुसार फीमाफी मिळते. अनेक खासगी विद्यापीठे आर्थिक मदत देतात, मात्र ती मागावी लागते. आपल्याकडची माणसे येथेच मागे पडतात. फीचे पत्र आले की आपल्याला तो बाजारातला ठरलेला भाव वाटतो. शहरातल्या, इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलांच्या घरी ठाऊक असते की, मदत समितीला पुन्हा पत्र लिहिता येते, कागदपत्रे जोडता येतात, आकडा बदलून घेता येतो. मास्तर, आपण मदतीचा अर्ज केला आहे का?

---

सांगलीचे_मास्तर

केला नव्हता. शिक्षकाचा पगार “गरजू” या शब्दात बसत नाही, असे मीच धरून चाललो होतो. आपला प्रतिसाद वाचून त्याच रात्री अर्ज भरला. त्यात माझी पगारपत्रके, निवृत्तीची तारीख, आईच्या डायलिसिसचा मासिक खर्च आणि धाकट्याचे शिक्षण, सारे लिहिले. निवृत्तीची तारीख लिहायची सूचना मुलीची. हप्ता आणि निवृत्ती एकाच वर्षी येतात हे शाखाधिकाऱ्यांचे वाक्य तिने जसेच्या तसे उचलले आहे.

दरम्यान विद्यापीठाने पाठवलेल्या रंगीत माहितीपुस्तिकेतील “सरासरी पॅकेज” पाहून आम्ही थोडे सुखावलो होतो. ते कसे वाचावे?

---

अर्थशास्त्रवाली

ते बाजूला ठेवा. सरासरी दोन-तीन मोठ्या पगारांनी फुगते, आणि ती बहुधा “नोकरीसाठी नोंदणी केलेल्या” विद्यार्थ्यांचीच असते. शिवाय पॅकेज म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. त्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), वर्षअखेरचा बोनस, सारे मिसळलेले असते.

त्याऐवजी राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीसाठी विद्यापीठाने सरकारला दिलेली माहिती शोधा. क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना ती संकेतस्थळावर ठेवावी लागते, बहुधा तळाशी बारीक अक्षरांत दुवा असतो. त्यात पदवीचा वेगळा तक्ता असतो: किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी वेळेत पदवी पूर्ण केली, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यम वार्षिक पगार किती, आणि किती जण उच्च शिक्षणाला गेले. मध्यम पगार म्हणजे सगळे पगार ओळीने लावल्यावर बरोबर मधला, त्यामुळे एखाद्या कोटीच्या पॅकेजने तो हलत नाही. तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. मग वेळेत पदवी घेतलेल्यांतून नोकरीवाले आणि उच्च शिक्षणवाले वजा करा. जे उरतात, त्यांच्याबद्दल पुस्तिका काहीच सांगत नाही.

---

सांगलीचे_मास्तर

मुलीने तो तक्ता शोधला. तळाशी नव्हता, “अनिवार्य प्रकटीकरण” नावाच्या पानावर होता. नोकरीच्या रकान्यातील मध्यम पगार पुस्तिकेतील सरासरीच्या निम्म्याहून थोडाच अधिक निघाला, आणि नोकरी घेणाऱ्यांपेक्षा उच्च शिक्षणाला जाणारे जास्त निघाले. याचा अर्थ फर्ग्युसनचे जुने साहेब म्हणतात तसा, की पैसा पुढच्या टप्प्यावर लागणारच आहे. त्या मध्यम पगारातून कर आणि कपात काढून तिने हातात किती पडेल याचा अंदाज बांधला. तो महिन्याला ४५ हजारांच्या आतबाहेर आला. त्याचा तिसरा हिस्सा १५ हजार. मग उलटा हिशेब केला. साडेदहा टक्के, दहा वर्षे आणि १५ हजारांचा हप्ता, तर कर्ज किती? ११ लाखांच्या आसपास, आणि तेही शिकत असताना व्याज भरत राहिलो तरच. म्हणजे २४ लाख कोणत्याही गणितात बसत नाहीत. एवढे आता स्पष्ट झाले.

---

निवृत्त_शाखाधिकारी

हाच योग्य क्रम आहे. आमच्याकडे लोक आधी फी पाहतात, मग तेवढे कर्ज मागतात आणि पगाराचा विचार पहिला हप्ता चुकल्यावर करतात. फक्त ११ लाखांवरही घर तारण द्यावे लागेल, हे लक्षात ठेवा. साडेसात लाखांच्या आत बसवता आले, तर निवृत्तीनंतर राहत्या घरावर टांगती तलवार राहणार नाही. आणि दुसरे, मंजूर झालेली सगळी रक्कम उचललीच पाहिजे असे नाही. व्याज उचललेल्या रकमेवरच लागते.

---

फर्ग्युसनचा_जुना

मुलीने स्वतः उलटा हिशेब केला, हे वाचून माझा विरोध थोडा सौम्य झाला. थोडाच.

---

सांगलीचे_मास्तर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

मदत समितीचे पत्र आले. वर्षाला २ लाखांची फीसवलत मंजूर झाली असून ती दर वर्षी गुण पाहून पुढे चालू राहील. पूर्ण माफी नाही, पण न मागता ही रक्कमही मिळाली नसती. तुळजापूरचे मित्र, आपले आभार मानतो.

त्यानंतर घरात दोन रात्री बसून जे ठरले ते असे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीतून तीन वर्षांनी १२० श्रेयांकांची (क्रेडिट्‌सची) पदवी घेऊन बाहेर पडता येते, आणि हे विद्यापीठही ती सोय देते. म्हणून आम्ही आज तीनच वर्षांचा विचार करतो आहोत. तीन वर्षांचे ३० लाख, त्यातून सवलतीचे ६ लाख वजा, राहिले २४ लाख. आमच्याकडील १६ लाखांत माझ्या पत्नीने तिच्या पाटल्या मोडून ५० हजारांची भर घातली. मला ते पसंत नव्हते, पण तिने मला विचारले नव्हते. उरले साडेसात लाख. तेवढेच कर्ज, दर वर्षी अडीच लाख, घराचे कागद कपाटातच राहतील. व्याज मी पगारातून भरणार आहे: पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे २,२००, दुसऱ्या वर्षी ४,४००, तिसऱ्या वर्षी ६,६००. त्यानंतर दहा वर्षांचा हप्ता १०,१०० रुपयांच्या आसपास येतो आणि हप्ते माझ्या निवृत्तीच्या एक वर्ष आधीच सुरू होतात, म्हणजे वेळ पडली तर पहिले बारा हप्ते मी पगारातून भरू शकतो.

याला तोटा आहे आणि तो आम्ही डोळ्यांआड केलेला नाही. चौथे वर्ष केले, तर एमए एका वर्षात होऊ शकते. तीन वर्षांनी बाहेर पडली तर दोन वर्षे लागतील, आणि एमएसाठी आमच्याजवळ काही उरणार नाही. ते तिला सार्वजनिक विद्यापीठात किंवा शिष्यवृत्तीवर करावे लागेल. तिने मान्य केले आहे. चौथ्या वर्षाचा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत, तोवरचे गुण आणि तोवरची सवलत पाहून घ्यायचा, असे तिने एका कागदावर लिहून खाली सही केली आणि माझीही सही घेतली. सहकर्जदार म्हणून, असे ती म्हणाली.

---

अर्थशास्त्रवाली

१०,१०० रुपयांचा हप्ता असता, तर मी ती फेलोशिप घेतली असती. मुलीला माझ्या शुभेच्छा सांगा, आणि पहिल्या वर्षापासून मार्गदर्शक प्राध्यापकांशी ओळख वाढवायला सांगा. एमएच्या शिष्यवृत्तीला गुणांइतकीच त्यांची शिफारसपत्रे लागतात.

---

निवृत्त_शाखाधिकारी

एक व्यवहारातील गोष्ट राहिली. दुसऱ्या वर्षाचे अडीच लाख सोडताना बँक पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि नव्या फीचे मागणीपत्र मागेल. बऱ्याच विद्यापीठांत फीची अंतिम तारीख आधी येते आणि निकाल नंतर लागतो. तेव्हा परीक्षा संपताच मुलीने कार्यालयातून तात्पुरता निकाल किंवा “परीक्षेस बसली आहे” असा दाखला मागून ठेवावा आणि आपण तो फीच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी शाखेत नेऊन द्यावा. पोच घ्यायला विसरू नका.